शेतकऱ्याच्या घरातला पोरगा एका सेमिस्टरसाठी परदेशात गेला तर झेपतं का? नेमकं काय होतं तिथे?

तुम्ही लिहिलंय की गाव वर्धा जिल्ह्यातलं, आई-वडील शेतकरी, आणि कॉलेजातून एक सेमिस्टर जर्मनीला जायची संधी आलीय. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला. एम.एस्सी. कृषीचं तिसरं सत्र मी स्टुटगार्टच्या टोकाला असलेल्या होहेनहाइम विद्यापीठात काढलं, ऑक्टोबर 2024 ते फेब्रुवारी 2025. म्हणजे घरी कापूस वेचणी चालू असताना मी तिकडे. हे टोमणे अजून ऐकतो.

पैशाचं आधी सांगतो. एक्स्चेंजमधून, म्हणजे दोन विद्यापीठांतल्या करारातून जात असाल तर तिथली शिकवणी फी लागत नाही. त्या राज्यात थेट प्रवेश घेणाऱ्या बिगर-युरोपीय विद्यार्थ्याला सत्राला 1,500 युरो पडतात, ते आपल्याला माफ. गाडी अडते व्हिसापाशी. राहायच्या महिन्यांपुरते पैसे आहेत हे दाखवावं लागतं. मी गेलो तेव्हा महिन्याला 992 युरोचा हिशेब होता, सहा महिन्यांचे साडेपाच लाख रुपयांच्या आसपास. ते ब्लॉक्ड अकाउंटमध्ये टाकायचे, तिथे दरमहा ठरलेलेच सुटतात. स्कॉलरशिपचं पत्र असेल तर तेवढी रक्कम यातून कमी होते, म्हणून अर्ज आधी तिचा करा. माझे अर्ध्याहून जास्त तिच्यातून निघाले, बाकी मामांनी दिले. "सोयाबीन इकून पाठवतो" असं बाबा म्हणाले होते. पण त्या साली हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये असताना बाजारात काय मिळत होतं, हे तुम्हाला मी काय सांगू!

थंडी, भाषा, जेवण याची धास्ती सगळ्यांना असते. महिन्याभरात अंगवळणी पडतं. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच पीठ-मीठ आणून ठेवा. तूप आणि पेढे नेऊ नका, दुधाचे पदार्थ तिकडे नेऊ देत नाहीत. जवसाची चटणी न्या. आमच्या जिन्यात दर आठवड्याला एकेका दारावर पाटी लागायची, या आठवड्यात झाडायची पाळी तुमची. 'केअरवोखे' म्हणतात, त्या भागातली जुनी रीत. आईला सांगितलं तर म्हणाली, "त्या पाटीचा फोटो पाठव, घरी लावते."

मला अवघड गेलं ते वेगळंच. कोरडवाहू शेतीच्या तासाला प्राध्यापिकेनं विचारलं, तुमच्याकडे पेरणी कधी करायची हे कसं ठरवतात? मी ताठ बसून उत्तर दिलं, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावर. त्या म्हणाल्या, तुमच्या शेतात पर्जन्यमापक आहे? नाही. मग तुमच्या वडिलांना कसं कळतं? आणि मी गप्प. काळ्या मातीचं इंग्रजी नाव, तिच्यातल्या चिकणमातीचं प्रमाण, भेगा का पडतात, सगळं पाठ होतं. बाबांना कसं कळतं हे मात्र मी कधी विचारलंच नव्हतं.

तास सुटला तेव्हा तिकडे चार आणि घरी साडेआठ वाजलेले. फोन लावला. बाबांना आधी वाटलं, पैसे संपले. मग म्हणाले, "काहून रे, येवढं शिकला अन् वापसा नाही समजत? मूठभर माती घे, लाडू कर, कमरेवरून सोड. फुटला तं वापसा आला. चिपकून राह्यला तं बैल घरी." वापसा म्हणजे पेरणीजोगी ओल. पुढच्या आठवड्यात मी हे वर्गात हातवारे करून सांगितलं. केनियाच्या मुलीनं सांगितलं की त्यांच्याकडेही असंच बघतात. वापसा हा शब्द फळ्यावर रोमन लिपीत लिहिला गेला तेव्हा मला उगाच अभिमान वाटला, त्यात माझं काहीच नसताना.

मग फोन रोजचाच झाला. तुरीच्या किती ओळी, का तेवढ्याच? बोंडअळी आली तेव्हा फवारणीचं कोणाच्या सांगण्यावरून ठरलं? कृषी केंद्रवाल्याच्या, हे उत्तर मला वर्गात सांगताना जड गेलं. वर्गात कापसाचा भाव विचारला तेव्हा मी लांब धाग्याचा हमीभाव 7,521 असं ठोकून दिलं होतं. बाबांचा माल त्याच आठवड्यात 6,800 नं गेला होता. पुढच्या तासाला आकडा दुरुस्त केला. बाबा घरी माझ्याशी फारसं बोलत नसत, काम तेवढं सांगत. जवळपास सात हजार किलोमीटरवरून मात्र अर्धा-अर्धा तास.

एकदा मी त्यांना विद्यापीठाची गोष्ट सांगितली. 1815 मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला, पुढच्या साली युरोपात उन्हाळाच आला नाही, पिकं गेली, लोक उपाशी मेले. म्हणून तिथल्या विल्हेल्म राजानं 1818 मध्ये शेतीची शाळा काढली, तीच ही. बाबा थोडा वेळ थांबले. म्हणाले, "बरं हाय. आपल्याकडं पॅकेज निघते."

निकालाचं एक सांगून ठेवतो. तिथे 1.0 सगळ्यात चांगला आणि 4.0 ला काठावर पास. मला 1.7 मिळाले हे घरी कळल्यावर दोन दिवस सुतक होतं. परत आल्यावर आपल्या विद्यापीठात क्रेडिट कसे मोजणार, हे जाण्याआधी लेखी घ्या. मी तोंडी भरवशावर गेलो आणि एक विषय पुन्हा दिला.

तर जा. फक्त जाण्याआधी दोन-तीन दिवस वही घेऊन वडिलांसोबत वावरात फिरा. बियाणं किती, मजुरी किती, पाणी कुठून, उधारी कोणाची, सगळं लिहून घ्या. मी परत आल्यावर हे केलं. बाबांनी माझ्या हातातली वही पाहिली आणि शेजारच्या काकांना हाक मारली, "या बा, पंचनाम्याले साहेब आले."