कम्युनिस्ट पक्षात विचार एकच, मग गट कसे पडतात?

तुमचा प्रश्न असा आहे की सत्तेतल्या कम्युनिस्ट पक्षात विचारधारा एक, शिस्त कडक, मग गटबाजी कशावरून होते आणि नेते ‘आपली माणसं’ पुढे आणतात म्हणजे नक्की काय करतात. मी उत्तर सोव्हिएत युनियनपुरतं देतो, कारण वर्षानुवर्षं मी वाचत आलो ते तिथलंच.

लहानपणी आमच्या घरी गुळगुळीत कागदावर छापलेलं एक सोव्हिएत मासिक यायचं. त्याची पानं आम्ही शाळेच्या वह्यांना घालायचो. माझ्या भूगोलाच्या वहीवर लेनिनच्या समाधीवर ओळीने उभे असलेले हॅटवाले म्हातारे होते. ती सगळी माणसं एकमेकांना कुठून ओळखत होती, हे मला फार उशिरा कळलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या ओळखींतच आहे.

मार्च १९२१ मध्ये, क्रॉनश्टाटच्या नौदल तळावर बंड पेटलेलं असताना, पक्षाच्या दहाव्या अधिवेशनात लेनिनने पक्षांतर्गत गटांवर बंदी घालणारा ठराव मंजूर करून घेतला. एखाद्या धोरणाला विरोध म्हणून चार सदस्यांनी एकत्र येऊन वेगळी भूमिका मांडणं हाच गुन्हा ठरला. माझ्या मते पुढचं सगळं इथून सुरू होतं. मतांवरून एकत्र येता येत नाही म्हटल्यावर माणूस ओळखीवरून एकत्र येतो: एका गावचे, एका कारखान्यातले, युद्धात एका तुकडीतले.

आणि ओळखीला किंमत आली ती नेमणुकांमुळे. कोणती पदं कोणत्या पातळीवरच्या समितीच्या संमतीशिवाय भरायची नाहीत, याच्या याद्या असत. नोमेनक्लातुरा म्हणतात ती हीच. कारखान्याचा संचालक, वर्तमानपत्राचा संपादक, विद्यापीठाचा प्रमुख, सगळे त्या यादीत. प्रांताचा सचिव वरून ठरायचा, तो आपल्या पसंतीचे प्रतिनिधी अधिवेशनाला पाठवायचा, ते प्रतिनिधी केंद्रीय समिती निवडायचे आणि समिती सरचिटणीस, म्हणजे पक्षाचा प्रमुख, निवडायची. थोडक्यात, सरचिटणीस ज्यांना नेमायचा तेच फिरून त्याला निवडायचे. एप्रिल १९२२ मध्ये स्टालिन या पदावर आला तेव्हा बाकीच्या पुढाऱ्यांना ते कारकुनी काम वाटलं होतं.

स्टालिनच्या काळात मात्र कुणाची तरी टोळी म्हणून ओळखलं जाणं जिवावर बेतायचं. लेनिनग्राडचा पक्षनेता झ्दानोव्ह १९४८ मध्ये वारला आणि त्याच्या हाताखाली वाढलेल्या माणसांवरचं छत्रच गेलं. वोझ्नेसेन्स्की, कुझ्नेत्सोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ऑक्टोबर १९५० मध्ये गोळ्या घातल्या.

स्टालिनबरोबर ही भीती गेल्यावर वशिल्याची यंत्रणा पूर्ण बहरली ती १९६४ ते १९८२ या ब्रेझनेव्हच्या काळात. युक्रेनमधल्या निप्रोपेत्रोव्स्क प्रांतात तो घडला आणि १९४७ ते १९५० तिथला पहिला सचिव होता. तो स्वतः स्टालिननंतरचा नेता ख्रुश्चेव्ह याचा माणूस होता, ख्रुश्चेव्हनेच त्याला वर आणलं होतं, आणि १९६४ मध्ये ख्रुश्चेव्हला खाली खेचणाऱ्यांत तोच पुढे होता. पाठीराखा पडताना दिसला की मिंधेपणही संपतं, हे त्याने जवळून पाहिलं होतं. म्हणून त्याने आपली माणसं फार सांभाळून पेरली.

किरिलेन्को निप्रोपेत्रोव्स्कमध्ये त्याच्यानंतरचा सचिव, तो पॉलिटब्युरोत, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च मंडळात. युद्धाआधी त्या शहराच्या सोव्हिएतचा प्रमुख असलेला श्चेलोकोव्ह गृहमंत्री. तिथल्याच शहर समितीतला त्सिनेव्ह केजीबी या गुप्त पोलीस यंत्रणेत उपप्रमुख. श्चेर्बित्स्की १९७२ मध्ये युक्रेनचा प्रमुख. तिथल्याच कारखान्यात इंजिनिअर असलेला तिखोनोव्ह १९८० मध्ये, पंचाहत्तराव्या वर्षी, पंतप्रधान. ब्रेझनेव्ह दोन वर्षं मोल्दाव्हियात होता, तिथल्या ओळखीतून चेर्नेन्को आला. कोणता कागद पुढाऱ्यांच्या टेबलावर जाणार हे ज्या खात्यातून ठरायचं, ते खातं त्याला मिळालं. मॉस्कोतले लोक म्हणत, रशियाच्या इतिहासाचे कालखंड तीन: दोपेत्रोव्स्की म्हणजे सम्राट पीटरच्या आधीचा, पेत्रोव्स्की म्हणजे पीटरचा, आणि निप्रोपेत्रोव्स्की.

विरोधी गट कसा मोडायचा, याची रीतही आता बदलली होती. युवक संघटनेतून वर आलेला शेलेपिन आणि त्याचा मित्र, केजीबीप्रमुख सेमिचास्त्नी, हे तरुण आणि महत्त्वाकांक्षी होते. १९६७ मध्ये सेमिचास्त्नीला युक्रेनच्या मंत्रिमंडळात पाठवलं आणि शेलेपिनला कामगार संघटनांकडे. केजीबी अन्द्रोपोव्हकडे दिली. तो काही निप्रोपेत्रोव्स्कचा नव्हता, म्हणून त्याच्या हाताखाली त्सिनेव्ह आणि मोल्दाव्हियाच्या ओळखीतला त्स्विगुन हे दोघे बसवले. कुतुझोव्स्की रस्त्यावरच्या २६ नंबरच्या एकाच इमारतीत ब्रेझनेव्ह, अन्द्रोपोव्ह आणि श्चेलोकोव्ह राहत. अन्द्रोपोव्ह आणि श्चेलोकोव्ह यांचं हाडवैर होतं, पण वरचा माणूस जिवंत असेपर्यंत कुणी कुणाला हात लावू शकला नाही.

मला सर्वांत जास्त राग येतो तो या स्थैर्याच्या किमतीचा. ख्रुश्चेव्हने समित्यांमधली काही टक्के माणसं दर निवडणुकीला बदलायचा नियम केला होता, तो १९६६ मध्ये काढून टाकला. १९८१ च्या अधिवेशनात पॉलिटब्युरो जसाच्या तसा पुन्हा निवडून आला, एकही चेहरा न बदलता. उझबेकिस्तानात रशीदोव्हच्या राजवटीत न पिकलेला कापूस कागदावर पिकत होता आणि मॉस्को त्याचे पैसे मोजत होतं. शेतात मात्र शाळेतली पोरं खरीखुरी कापूस वेचत होती. ब्रेझनेव्हचा जावई चुर्बानोव्ह गृहखात्यात क्रमांक दोनवर होता. या प्रकरणातल्या लाचखोरीत त्याला १९८८ मध्ये बारा वर्षांची शिक्षा झाली. श्चेलोकोव्हचं पद ब्रेझनेव्हच्या मृत्यूनंतर पाच-सहा आठवड्यांत गेलं आणि दोन वर्षांनी त्याने स्वतःवर गोळी झाडली.

तरीही प्रामाणिक माणसं यातून सुटली असं समजू नका. वर चढायला दुसरा जिनाच नव्हता. गोर्बाचेव्ह स्ताव्रोपोल प्रांताचा सचिव होता. किस्लोव्होद्स्कची आरोग्यधामं त्याच्याच प्रांतात. तिथे उपचाराला येणाऱ्या पुढाऱ्यांची बडदास्त ठेवणं हा त्याच्या कामाचाच भाग होता. मूळचा तिथलाच असलेला अन्द्रोपोव्ह नेहमी यायचा, आणि त्याला हा तरुण सचिव आवडला. शेतीचा कारभार पाहणारा कुलाकोव्ह जुलै १९७८ मध्ये वारला, मॉस्कोत जागा रिकामी झाली. सप्टेंबरमध्ये ब्रेझनेव्हची खास गाडी बाकूला जाताना मिनेराल्निये व्होदी स्थानकावर थांबली. फलाटावर ब्रेझनेव्ह, त्याच्यासोबत आलेला चेर्नेन्को, सुट्टीवर असलेला अन्द्रोपोव्ह आणि यजमान गोर्बाचेव्ह असे चौघे येरझाऱ्या घालत थोडं बोलले. मग गाडी सुटली. नोव्हेंबरच्या अखेरीस गोर्बाचेव्ह केंद्रीय समितीचा सचिव झाला. त्या फलाटावरचा ब्रेझनेव्ह सरचिटणीस होताच; बाकीच्या तिघांनी पुढे एकामागून एक ते पद भूषवलं.