चौथीपर्यंतच्या शाळेतून पाचवीला हायस्कूलात जाणाऱ्या मुलीची तयारी कशी करून घ्यावी?

वस्तीवरची जिल्हा परिषदेची शाळा चौथीला संपते, जूनपासून मुलगी चार किलोमीटरवरच्या मराठी माध्यमाच्या हायस्कूलात जाणार, तर मे महिन्यात तिच्याकडून काय करून घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. बरेच पालक या सुट्टीत पाचवीची पुस्तकं आणून धडे सुरू करतात. माझ्या मते तो वेळ दुसरीकडे लावावा. चौथीपर्यंत एकच बाई दिवसभर तिच्यासमोर असतात. डबा खाल्ला का, वही पूर्ण झाली का, आज चेहरा का उतरलाय, हे त्यांना न विचारता कळतं. हायस्कूलात पाच-सहा शिक्षक पस्तीस-चाळीस मिनिटांपुरते येऊन जातात. हिंदीच्या तासाला ती रडली, हे गणिताच्या सरांना कळत नाही. दिवस सांभाळायचं काम एकदम दहा वर्षांच्या मुलीवर येतं. मुलं मागे पडतात ती बहुतेक इथे.

म्हणून पहिलं काम: चौथीच्या बाईंकडून अर्धं पान लिहून घ्या. ती सलग वाचते की अडखळत, गणितात नेमकं कुठे अडते, रागावल्यावर गप्प होते का, कोणाशेजारी बसली की रमते, दिसण्या-ऐकण्याची किंवा तब्येतीची काही तक्रार आहे का, एवढंच. हा कागद पहिल्या आठवड्यात तिच्या वर्गशिक्षकांच्या हातात द्या. ऑफिसात दिला तर फायलीत जाईल. नव्या शाळेत तिला नावानं ओळखणारं एक तरी मोठं माणूस लवकर मिळालं पाहिजे, आणि ते मिळवून देणं तुमच्या हातात आहे.

अभ्यासातल्या तीन गोष्टी मात्र सुट्टीत तपासाच. एक, पाहून लिहिण्याचा वेग. प्राथमिकला सगळ्यांचं लिहून होईपर्यंत बाई थांबतात, हायस्कूलात घंटा होते आणि फळा पुसला जातो. पुस्तकातल्या आठ-दहा ओळी तिला पाहून लिहायला सांगा आणि तिच्या डोळ्यांकडे बघत बसा. प्रत्येक शब्दाला मान वर जात असेल तर ती अक्षरांचं चित्र काढतेय. तीन-चार शब्द एकदम मनात धरून लिहायचे, अशी रोज दहा मिनिटं सवय लावा. लिहिताना डोळे बारीक करत असेल किंवा वही नाकाशी नेत असेल तर आधी डोळे तपासून घ्या. मागच्या बाकावर बसायची वेळ आली तर चष्म्याअभावी वर्ष वाया जातं.

दोन, भागाकार. ८२४ भागिले ८ घाला. उत्तर १०३ आलं तर निर्धास्त राहा. १३ आलं तर मधला शून्य गेलाय, म्हणजे ती रीत पाठ करून करतेय, स्थानिक किंमत समजलेली नाही. पाचवीत मोठ्या संख्या, अपूर्णांक, दशांश सगळं यावरच उभं राहतं, त्यामुळे १३ आलं तर दशक-शतकाचे गठ्ठे काड्यांनी करून पुन्हा शिकवा. पाढ्यांची उजळणी सोबत चालू द्या.

तीन, हिंदी. मराठी माध्यमात ती पाचवीत नव्यानं येते. लिपी देवनागरीच असल्यामुळे सोपी वाटते, आणि घोळ तिथेच होतो. मराठीत ‘ते पुस्तक’ नपुंसकलिंगी, हिंदीत ‘मेरी पुस्तक’ स्त्रीलिंगी, कारण हिंदीत नपुंसकलिंग नाहीच. ‘पाणी’चं ‘पानी’ होतं. ‘शिक्षा’ म्हणजे हिंदीत शिक्षण, आपल्याकडे मार. असे पंधरा-वीस शब्द गंमत म्हणून बोलता बोलता सांगून ठेवले तरी पहिल्या महिन्याची भीती जाते.

आता दप्तर. पहिल्या दिवशी वेळापत्रक मिळालं की मोठ्या अक्षरात तिच्याच हातानं उतरवून भिंतीला लावा, आणि दप्तर रात्री तिनंच भरायचं. पहिले पंधरा दिवस तुम्ही फक्त शेजारी बसा, हात लावू नका. परिसर अभ्यासाची वही एकदा राहिली तर राहू दे. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या एक दशांशापेक्षा जास्त नसावं, म्हणजे २६ किलोच्या मुलीला अडीच किलोच्या आसपास. लिटरभर पाण्याचीच बाटली एक किलो भरते! शाळेत पिण्याचं पाणी चांगलं असेल तर अर्ध्या लिटरची द्या. दोनशेपानी वह्या नकोत, शंभरपानी घ्या, संपली की दुसरी.

शाळा बघायला जाल तेव्हा मुलींचं स्वच्छतागृह स्वतः आत जाऊन बघा: कडी लागते का, पाणी येतं का. नसेल तर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, मग डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते, आणि शाळा नको वाटायला लागते. पाळी या वयात कधीही सुरू होऊ शकते. आधीच मोकळेपणानं सांगा, कापडी पिशवीत एक पॅड आणि जादा चड्डी दप्तरात ठेवा, आणि अशा वेळी कोणत्या बाईंकडे जायचं ते नावानिशी ठरवून द्या.

प्रवासाला एसटीचा आधार असेल तर ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत पास मोफत आहे. मुलांना मासिक पासावर सवलत आहे. शाळेचं बोनाफाईड लागतं. गाडीच नसेल तर समग्र शिक्षा योजनेतून वाहतूक भत्त्याची सोय आहे, मुख्याध्यापकांशी जूनमध्येच बोला. मेमध्ये दोनदा तिला घेऊन त्याच वेळेच्या गाडीनं जाऊन या. संध्याकाळची गाडी चुकली तर कुठल्या दुकानाशी थांबायचं, कोणाला फोन करायचा, हे तिथे उभं राहूनच दाखवा. नंबर तोंडपाठ हवा, वहीत लिहिलेला पुरत नाही.

कागदपत्रांत शाळा सोडल्याचा दाखला हाती घेताना नाव, आईचं नाव, जन्मतारीख अक्षरी व अंकी, जन्मस्थळ तालुका-जिल्ह्यासह, जात, सगळं जन्मदाखल्याशी आणि आधारशी ताडून बघा. चूक आत्ता दुरुस्त होते, दहावीचं प्रमाणपत्र निघाल्यावर फार हेलपाटे पडतात. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, शिक्षणहक्क कायदा २००९ च्या कलम ५ मध्ये तसं स्पष्ट आहे. अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पुस्तकं आणि पोषण आहार मिळतो. गणवेशाचे पैसे मात्र बाजूला ठेवा, खासगी संस्थेच्या शाळेत तो बहुधा विकतच घ्यावा लागतो.

परीक्षेची एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असू द्या, तिला धाक म्हणून सांगू नका. शिक्षणहक्क कायद्यात २०१९ साली बदल झाला, आणि आता राज्यात पाचवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यात नापास झालं तर फेरपरीक्षा, त्यातही नाही जमलं तर पुन्हा पाचवीच. म्हणून पहिल्या सत्राच्या निकालाची वाट न बघता ऑगस्टमध्येच वह्या उघडून बघा. अर्धवट सुटलेली पानं कोणत्या विषयात जास्त आहेत, त्यावरून कळतं कोणाला भेटायचं.

पहिले सहा-सात आठवडे ती दमून लवकर झोपेल, चिडचिड करेल, गुणही थोडे उतरतील. तेवढं चालतं. पण दर सोमवारी सकाळी पोटात दुखणं, डबा तसाच परत येणं, जुन्या मैत्रिणीचं नाव एकदम बंद होणं, यातलं काही दोन आठवडे टिकलं तर वर्गशिक्षकांना जाऊन भेटा. आणि घरी आल्यावर ‘आज काय शिकवलं?’ विचारू नका, ‘काही नाही’ हेच उत्तर येतं. ‘मधल्या सुट्टीत कोणाबरोबर होतीस?’ असं विचारा, आणि पुढचा प्रश्न घाईनं टाकू नका.