दम्यावर संशोधन करायचं, तर एम.एस्सी. कोणती?

प्रिय विद्यार्थिनीस,

तू बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहेस. आईला दमा आहे. स्टिरॉइडचा इनहेलर घेऊनही तिला पुरेसा आराम नाही, शेजारच्या काकूंना मात्र त्याच औषधाने बरं वाटतं. हे असं का, यावर तुला संशोधन करायचंय, आणि त्यासाठी 'इम्युनॉलॉजी' नावाचीच पदवी लागेल का, असं विचारतेस. बाबा म्हणतात, डीएमएलटी (प्रयोगशाळा तंत्रज्ञाची पदविका) कर.

नावाची पदवी लागत नाही. मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, बायोकेमिस्ट्री, काहीही चालेल. प्रवेश घेण्याआधी शेवटच्या सत्रात पूर्णवेळ प्रकल्प असतो का आणि फ्लो सायटोमीटरवर (पेशी एकेक करून ओळखणारं आणि मोजणारं यंत्र) विद्यार्थ्यांना स्वतः हात चालवू देतात का, एवढं तिथल्या सीनिअर्सना विचार. माहितीपत्रकातल्या यंत्रांच्या फोटोंवर जाऊ नकोस.

आता तुझा मूळ प्रश्न. काही रुग्णांच्या श्वासनलिकेचं अस्तर धूळ, विषाणू किंवा परागकण लागताच टीएसएलपी, आयएल-३३ असे धोक्याचे इशारे (सायटोकाइन म्हणजे पेशींची निरोप देणारी प्रथिनं) सोडतं. ते ऐकून आयएलसी-२ या जन्मजात प्रतिकारशक्तीच्या पेशी आयएल-५ आणि आयएल-१३ हे सायटोकाइन तयार करतात आणि इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढतात. हा दमा बहुधा स्टिरॉइडला दाद देतो. दुसऱ्या गटात टीएलआर-४सारखे ग्राहक (जंतूंची चाहूल घेणारी पेशीवरची प्रथिनं), आयएल-१बीटा आणि आयएल-८ यांच्या वाटेने न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी जमतात. स्टिरॉइडने इओसिनोफिल लवकर मरतात, न्यूट्रोफिल उलट जास्त जगतात. त्यामुळे थुंकीत दिसणारे न्यूट्रोफिल आजाराचे किती आणि औषधाचे किती, हा वाद अजून मिटलेला नाही. तिसऱ्या गटात दोन्ही पेशी जेमतेम असतात आणि तरी धाप लागते. (आई कोणत्या गटात, हे घरबसल्या ठरवू नकोस. इनहेलर ओढण्याची पद्धत चुकणं हे आराम न पडण्याचं फार नेहमीचं कारण आहे. ते आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या.)

हे गट ठरतात थुंकीच्या स्लाइडवर, आणि या क्षेत्रात माणसाची पारख तिथेच होते. रुग्णाला आधी श्वासनलिका मोकळी करणारं सालब्युटामॉल देऊन मग ४.५ टक्के मिठाच्या पाण्याचे बारीक तुषार श्वासातून देतात. एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात जोराने बाहेर सोडलेली हवा) २० टक्क्यांनी घसरला तर तिथेच थांबतात. लाळ टाळून घट्ट कफ वेचायचा, साधारण दोन तासांच्या आत डीटीटी या रसायनाने विरघळवायचा, गाळायचा, सायटोस्पिन करायचं (पेशी गरगर फिरवून स्लाइडवर बसवायच्या), रंगवून ४०० पेशी मोजायच्या. इओसिनोफिल ३ टक्के किंवा जास्त असले तर पहिला गट. न्यूट्रोफिलची रेषा साधारण ६० टक्क्यांच्या पुढे, पण ती प्रयोगशाळेगणिक बदलते. बिघडतं कुठे? लाळ आली की स्लाइडभर तोंडातल्या चपट्या पेशी दिसतात आणि मोजणीला अर्थ उरत नाही. डीटीटी प्रथिनांचे गंधक-बंध तोडतं, म्हणून त्याच द्रवावर एलायझा (अँटिबॉडीने प्रथिन मोजण्याची चाचणी) केली तर काही सायटोकाइन खोटे कमी दिसतात. आणि आयएलसी-२ इतक्या थोड्या असतात, की मृत पेशी वेगळ्या दाखवणारा रंग न वापरल्यास मृत पेशींना चिकटलेली अँटिबॉडीच 'शोध' वाटू लागते.

म्हणून बाबांचा सल्ला मोडीत काढू नकोस. घरी पैशांची ओढाताण असेल तर डीएमएलटी करून संशोधन प्रकल्पात तंत्रज्ञ होता येतं, आणि वरची बरीच कामं तंत्रज्ञच करतात. पण स्वतःचा प्रश्न स्वतः मांडायचा तर पीएच.डी. हवी आणि तिचा नेहमीचा रस्ता एम.एस्सी.तून जातो. झेपत असेल तर एम.एस्सी.लाच जा, असं माझं मत.

एम.एस्सी.साठी गॅट-बी, जॅम आणि सीयूईटी-पीजी या तिन्ही प्रवेश परीक्षांचे अर्ज भर. पुढे सीएसआयआर-नेट, आयसीएमआर किंवा डीबीटीची जेआरएफ (पीएच.डी. करताना मिळणारी पाठ्यवृत्ती). २०२३पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आणि चेस्ट रिसर्च फाउंडेशन, दिल्लीत आयजीआयबी (जनुकशास्त्राची सीएसआयआर संस्था) आणि वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूट यांची संकेतस्थळं आत्ताच चाळून ठेव. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी उन्हाळी प्रकल्पासाठी ईमेल करशील तेव्हा 'मला आवड आहे' एवढ्यावर भागवू नकोस. त्या गटाचा एक शोधनिबंध वाच, त्यातल्या एका आकृतीवर नेमका प्रश्न विचार आणि तुला हाताने काय येतं ते दोन ओळींत लिही.