जिभेखालचा पडदा आणि लेझर

प्रश्न : माझा ७ वर्षांचा मुलगा ‘र’ आणि ‘ळ’ नीट उच्चारत नाही. जिभेखालचा पडदा लेझरने कापावा, असे दंतवैद्यांनी सुचवले आहे. भूल आणि टाके लागतील का?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : टाके बहुधा लागत नाहीत, कारण डायोड लेझरची (दंतवैद्य वापरतात त्या एका प्रकारच्या लेझरची) उष्णता ऊती कापतानाच बारीक रक्तवाहिन्या बंद करते आणि रक्तस्राव अगदी थोडा होतो. मात्र ‘लेझर म्हणजे भूल नको’ हा समज खरा नाही. या वयात बधिर करणारी जेल किंवा छोटे इंजेक्शन सहसा लागतेच. त्या लेझरच्या लहरलांबीसाठीचा, म्हणजे नेमका तोच प्रकाश अडवणारा, संरक्षक चष्मा मुलासह खोलीतील प्रत्येकाने घालायचा असतो. मूल शांत बसत नसेल, तर लेझर असूनही काम अवघडच.

जखमेवर काही दिवस पांढरट-पिवळसर थर दिसतो. तो पू समजून खरवडू नये. जिभेचे व्यायाम टाळल्यास पडदा पुन्हा चिकटू शकतो.

तरीही उच्चारदोषाचे कारण पडदाच असेल, असे नाही. मुलाला जिभेचे टोक टाळूला लावता येत असेल, तर आधी वाचा-उपचारतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. शस्त्रक्रियेची घाई नाही.