जुन्या एमजीबीला मूळचे लिव्हर शॉक अ‍ॅब्सॉर्बर ठेवायचे की टेलिस्कोपिक बसवायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 1971 ची एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे, चारही शॉक अ‍ॅब्सॉर्बर मूळचे आर्मस्ट्राँग कंपनीचे लिव्हरवाले (फिरत्या आर्मने आतलं तेल दाबणारे) आहेत, मागचा एक गळतोय, खड्डा ओलांडला की गाडी डुलत राहते, आणि भेटेल तो माणूस 'गॅसचे टेलिस्कोपिक (नळीत आत-बाहेर सरकणारे) टाका आणि मोकळे व्हा' असं सांगतो.

माझं मत आधी सांगून टाकतो. पुढचे मूळचेच नीट ओव्हरहॉल करून घ्या. मागे टेलिस्कोपिक लावायला हरकत नाही, पण तेही तुम्ही गाडी कशी चालवता ते बघून. पुढच्या आणि मागच्या शॉकला एकच न्याय लावता येत नाही, कारण या गाडीत दोघांचं काम वेगळं आहे.

पुढचा शॉक नीट बघा. त्याच्या अंगातून बाहेर येणारे दोन आर्म म्हणजेच चाकाचा वरचा विशबोन (चाकाला बॉडीशी जोडणारा फाटा). वेगळा वरचा विशबोन या गाडीला नाहीच. म्हणजे तो शॉक फक्त उसळी शमवत नाही, चाक उभं धरून ठेवण्याचं कामही तोच करतो. त्याच्या आतला शाफ्ट झिजला की सस्पेन्शनचा वरचा पिव्हट ढिला होतो, कॅम्बर (चाकाचा उभा कल) हलतो आणि ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढल्यासारखी वाटते. बाजारातली पुढची बरीच टेलिस्कोपिक किट या जुन्या शॉकला जागेवरच ठेवतात, त्याचा व्हॉल्व्ह काढून घेतात आणि शेजारी एक नवा शॉक उभा करतात. दिसायला नवं काम, पण झिजलेला शाफ्ट तिथेच राहतो. म्हणजे किट घेतलं तरी मूळच्याचं ओव्हरहॉल चुकत नाही. मग आधी तेच करा, गाडी चालवून बघा, आणि मग ठरवा.

ओव्हरहॉल म्हणजे फक्त सील बदलणं नव्हे, एवढं मात्र पक्कं लक्षात ठेवा. शाफ्ट आणि त्याचं भोक झिजलेलं असेल तर नवं सीलही थोड्याच दिवसांत गळायला लागतं. काम करणाऱ्याला सरळ विचारा: शाफ्टला नवे बुश घालता का, शाफ्ट घासून सरळ करता का? उत्तरात नुसतं 'सील आणि रंग' आलं तर दुसरीकडे जा. थोडा कडकपणा हवाच असेल तर मूळच्याच बॉडीत जास्त कडक व्हॉल्व्ह बसवता येतो. माझ्या मते पुढच्या बाजूचं खरं अपग्रेड हेच.

आता मागचा गळका. काढून फेकण्याआधी त्याची खालची लिंक (आर्मला खाली जोडणारा दांडा) सोडा आणि आर्म हाताने हळूहळू वरखाली पूर्ण फिरवा. दोन्ही दिशांना सारखा, जड विरोध लागला पाहिजे. मध्येच हात मोकळा सुटतो आणि मग पुन्हा अडतो, तर आत हवा आहे. सगळीकडेच हलकं लागतं, तर तेल कमी आहे किंवा व्हॉल्व्ह गेलाय. अजिबात हलत नसेल तर आत काहीतरी तुटलंय किंवा जाम झालंय. त्या लिंकचे रबरी बुशही तेव्हाच बघा. तिथला खडखडाट कित्येकदा शॉकच्या नावावर खपवला जातो. तेल भरायचं तर शॉकचंच तेल किंवा चांगलं 20 ग्रेडचं मिनरल तेल. ब्रेक फ्लुइड चुकूनही नको. भरताना आर्म पूर्ण फिरवत राहा म्हणजे हवा निघते, आणि बसवेपर्यंत शॉक उभाच धरा. आडवा ठेवलात की हवा पुन्हा आत शिरते.

मागे टेलिस्कोपिक का चालतात? तिथला लिव्हर शॉक फक्त शॉकचंच काम करतो. अ‍ॅक्सल पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) असतो. लिव्हरच्या शॉकमधला पिस्टन जेमतेम थोडासा सरकतो, त्यामुळे आत दाब खूप चढतो, आणि तेल मोजकंच असल्याने लांबच्या खराब रस्त्यावर ते तापून पातळ होतं. टेलिस्कोपिकचा स्ट्रोक लांब, दाब कमी, म्हणून तो जास्त वेळ सारखा वागतो. तुम्ही भरलेल्या गाडीने लांबचे पल्ले मारत असाल तर हा फरक जाणवेल. रविवारची संथ चक्कर असेल तर धड असलेला लिव्हर शॉक पुरतो.

पण घेताना जपून. 'कडक म्हणजे चांगला' ही समजूत जुन्या हलक्या गाडीची वाट लावते. रिबाउंड (दबलेला शॉक परत लांब होतानाचा विरोध) फार कडक असेल तर लागोपाठच्या खड्ड्यांत चाक खाली यायच्या आत पुढचा खड्डा येतो, गाडी हळूहळू बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर (सस्पेन्शन अडवणाऱ्या रबरावर) आदळते. मोनोट्यूबमध्ये (एकाच नळीच्या गॅस शॉकमध्ये) तेल आणि नायट्रोजन वेगळे ठेवलेले असतात, त्यामुळे तेलाला फेस येत नाही, हा मोठा फायदा. मात्र गॅसचा दाब साधारण 20 ते 30 बार असतो, तो रॉडला सतत बाहेर ढकलतो, आणि मऊ स्प्रिंगच्या गाडीला त्याचा ताठरपणा लगेच कळतो. मी तुमच्या जागी असतो तर अ‍ॅडजस्ट होणारा, साधा तेलाचा किंवा कमी दाबाचा ट्विन ट्यूब (नळीत नळी असलेला) घेतला असता आणि सर्वात मऊ सेटिंगपासून सुरुवात केली असती.

लांबीही तपासा. 1974 च्या उत्तरार्धात एमजीबीला रबरी बंपर आले आणि गाडीची उंची वाढली, म्हणून किट तुमच्याच क्रोम बंपरच्या गाडीसाठी आहे ना ते विचारून घ्या. ब्रॅकेट बॉडीच्या ज्या जागी बसणार तिथला पत्रा गंजलेला असेल तर आधी तो दुरुस्त करा. रबरी बुशचे नट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. जॅकवर लटकत असताना आवळले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

एकाच बाजूचा शॉक बदलू नका, जोडीनेच बदला. काढलेले मूळचे टाकून देऊ नका. उद्या गाडी पुन्हा मूळ रूपात आणायची झाली तर तेच लागतील.

आणि हो, 'गाडी डुलते' म्हणालात तर टायर किती जुने आहेत, पाटे बसलेत का, हेही बघा. पाटे बसलेले असतील तर कोणताही शॉक त्यांची भरपाई करू शकत नाही. मागची लिंक सोडून आर्म फिरवल्यावर हाताला काय लागलं ते कळवा, म्हणजे तो दुरुस्त होण्यासारखा आहे की नाही हे बरंच नेमकं सांगता येईल.