आधी दोन पेपर शेजारी ठेव

'सगळा मीडिया विकला गेलाय' म्हणणं सोपं असतं रे, दाखवून देणं कठीण. एकाच दिवसाचे दोन पेपर शेजारी ठेवून वाच. 2009च्या विधानसभेवेळी तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाणांची स्तुती करणारा एकच मजकूर वेगवेगळ्या मराठी दैनिकांत शब्दशः छापून आला होता! पेड न्यूजचा, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या जाहिरातीचा, गवगवा झाला. वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलने त्याच वर्षी या प्रकारांवर दोघांची समिती नेमली होती.

घोटाळ्याच्या बातमीत क्रियापद बघ. एकाच्या बाबतीत 'आरोप झाला', दुसऱ्याच्या बाबतीत थेट 'पैसे खाल्ले'. आरोप पहिल्या पानावर, निर्दोष सुटल्याची बातमी सातव्या पानावर, तीही चार ओळींत.

आणि हो, माझ्या आवडत्या उमेदवाराच्या विरोधातली बातमी मला अजूनही पक्षपातीच वाटते. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचतो.