विमानदुरुस्तीची शिकाऊ उमेदवारी : विद्यावेतन पाहावे की अनुभव?

विमानदेखभालीच्या क्षेत्रात शिरू पाहणाऱ्या मराठवाड्यातील मुलांची आणि त्यांच्या पालकांची पत्रे निरनिराळ्या गावांहून येतात, परंतु त्यांतला गोंधळ एकच असतो. महिन्याला किती मिळणार, हे सगळे विचारतात. तेथे केलेले काम विमानदेखभाल अभियंत्याच्या परवान्यासाठी धरले जाणार का, हे जवळजवळ कोणीच विचारत नाही. म्हणून त्यांतील काही प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे, नियम वेळोवेळी बदलतात. त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी किंवा करारावर सही करण्यापूर्वी चालू नियम त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः वाचावेत.

प्रश्न (नांदेड) : मुलाने आयटीआयमधून फिटर ट्रेड पूर्ण केला आहे. त्याला थेट विमान मेकॅनिकचा परवाना मिळेल का?

थेट मिळणार नाही. देखभाल संस्थेत किंवा ओझरच्या एचएएलसारख्या कारखान्यात तो शिकाऊ उमेदवार म्हणून लागू शकतो. परवान्यासाठी शैक्षणिक पात्रता वेगळी तपासली जाते आणि डीजीसीएच्या परीक्षा द्याव्या लागतात. त्याची कागदपत्रे घेऊन डीजीसीएच्या मुंबई कार्यालयात लेखी विचारणा करावी.

प्रश्न (उदगीर) : मी डीजीसीए-मान्य संस्थेतून बी१.१ श्रेणीचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. हैदराबादच्या एका हँगरमध्ये (विमानदुरुस्तीच्या शेडमध्ये) ९,००० रुपये विद्यावेतनावर उमेदवारी मिळत आहे आणि वाळूजच्या एका कारखान्यात १७,००० रुपयांवर प्रशिक्षणार्थी म्हणून बोलावणे आले आहे. घरी तीन एकर सोयाबीन आणि शिक्षणाचे कर्ज आहे. वडील म्हणतात वाळूज, मित्र म्हणतात हैदराबाद. काय करावे?

वडिलांचे म्हणणे चुकीचे नाही आणि मित्रांचेही नाही, कारण दोघे वेगवेगळ्या गोष्टींचा हिशेब करीत आहेत. आपण दोन्ही हिशेब एकाच कागदावर मांडू.

बी१.१ म्हणजे टर्बाइन इंजिनांच्या विमानांची यांत्रिक श्रेणी. या परवान्यासाठी डीजीसीएच्या कार-६६ या नियमावलीनुसार, मान्यताप्राप्त मूलभूत अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या उमेदवाराला चालू वापरातील विमानांवर देखभालीचा दोन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. संबंधित तांत्रिक ट्रेडचे मान्य प्रशिक्षण असेल तर तीन वर्षे, आणि असे कोणतेच प्रशिक्षण नसेल तर पाच वर्षे लागतात. वाळूजच्या कारखान्यात तुम्ही गिअरचे दाते कितीही उत्तम तपासलेत, तरी ते काम या दोन वर्षांत धरले जाणार नाही, कारण ते विमानावरचे काम नाही. तेथे एक वर्ष काढले तर परवाना किमान एक वर्ष पुढे जातो, आणि हाताला लागलेली अभ्यासाची सवय मोडते ती वेगळीच.

आता पैशांचा भाग. दोन्हींतला फरक दरमहा ८,००० रुपयांचा आहे, म्हणजे वर्षाला ९६,००० आणि दोन वर्षांना १,९२,००० रुपये. हैदराबाद विमानतळाजवळ शमशाबादच्या बाजूला खोली, मेस आणि येण्याजाण्याचा खर्च विद्यावेतनातून भागला नाही तर तो तुटवडाही यात मिळवायचा; उलट वाळूजला राहण्याचा जो खर्च येईल, तो तिकडच्या पगारातून वजा करायचा. जो आकडा येईल ती या अनुभवाची तुमच्या कुटुंबाने मोजलेली किंमत आहे. तीन एकर कोरडवाहू शेतीवर ही रक्कम लहान नाही, आणि 'आवड असेल तर पैशाकडे पाहू नये' असा सल्ला देणाऱ्यांनी कर्जाचा हप्ता स्वतः भरलेला नसतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही ही किंमत मोजण्यासारखी आहे की नाही, हे 'हैदराबाद' या नावावरून ठरत नाही; हँगरमध्ये तुमच्या वाट्याला कोणते काम येणार, यावरून ठरते. मोठ्या तपासणीला आलेल्या विमानाची पॅनेले उघडली जातात, लँडिंग गिअर, हायड्रॉलिक नळ्या, उड्डाण-नियंत्रणाच्या केबली आणि इंजिन यांच्यापर्यंत हात पोहोचतो, आणि सहा महिन्यांत मुलगा जे शिकतो ते पुस्तकातून शिकता येत नाही. पण त्याच हँगरमध्ये एखाद्याला वर्षभर आसने काढणे, गालिचे बदलणे आणि भांडारातून सामान आणणे एवढेच दिले, तर अर्ज करताना त्याच्या हाती सांगण्यासारखे फारसे काही उरत नाही. अशा जागेपेक्षा वाळूजला जाऊन कर्ज फेडणे मी शहाणपणाचे मानीन.

म्हणून होकार देण्यापूर्वी हँगरच्या प्रशिक्षण विभागाला ई-मेलने विचारा : संस्थेला कार-१४५ ची, म्हणजे विमानदेखभाल करण्याची, मान्यता कोणत्या विमानप्रकारांसाठी आहे, उमेदवाराला कोणत्या विभागांत किती काळ फिरवले जाते, आणि लॉगबुकवर, म्हणजे उमेदवाराने केलेल्या कामांच्या नोंदवहीवर, सही कोण करतो. सुट्या भागांच्या कार्यशाळेत, उदाहरणार्थ चाके व ब्रेकच्या विभागात, ठेवणार असतील तर त्यातला किती काळ तुमच्या श्रेणीसाठी मान्य होईल, हे डीजीसीएकडून स्वतंत्रपणे विचारून घ्या. लेखी उत्तर देण्यास जी संस्था टाळाटाळ करते, तिच्याबद्दल तोंडी ऐकलेले कौतुक बाजूला ठेवावे. उत्तरे समाधानकारक आली तर माझा कौल हैदराबादला आहे. मात्र बँकेशी हप्त्याच्या सवलतीविषयी बोलल्यावाचून घर सोडू नका.

प्रश्न (सेलू) : एका एजंटाने तीन लाख रुपयांत 'ओजेटीची (प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाची) सीट' आणि त्यानंतर नोकरीची हमी सांगितली आहे. विश्वास ठेवावा का?

ठेवू नये. परवानाधारक अभियंत्याची नोकरी एजंटाच्या हातात नसते, त्यामुळे तिची हमी तो देऊच शकत नाही. ज्या संस्थेचे नाव तो घेतो ती डीजीसीएच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, मान्यता चालू आहे का आणि ती तुमच्या मुलाच्या श्रेणीसाठी आहे का, हे पाहून थेट त्या संस्थेच्या कार्यालयाशी बोला. 'आज भरा, उद्या जागा जाईल' असे जो म्हणतो त्याच्याकडे उद्याही जाऊ नका.

येथे एक फरक नीट समजून घ्यावा. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ खालील उमेदवारीत करार नोंदवला जातो आणि विद्यावेतन देणे हे आस्थापनेवर बंधनकारक असते. २०१९ च्या दुरुस्तीनुसार ते आयटीआय झालेल्यास किमान ७,०००, पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास ९,००० रुपये ठरले. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने त्यात ३६ टक्के वाढीची शिफारस केली होती, म्हणून करार करताना लागू असलेला आकडा शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर पाहावा. याउलट अभ्यासक्रमाला जोडलेले, संस्थेने शुल्क घेऊन दिलेले प्रत्यक्ष प्रशिक्षण ही वेगळी व्यवस्था आहे आणि तिला हे संरक्षण आपोआप मिळत नाही. दोन्हींना 'अप्रेंटिस' हे एकच नाव लावून पैसे उकळले जातात.

प्रश्न (परभणी) : आमच्या येथे रोज लॉगबुक भरत नाहीत. पर्यवेक्षक म्हणतात, 'वर्षअखेरीस एकदम भरून सह्या करून देतो.' काही सिनिअर मुलांनी न केलेली कामेही लिहून घेतली आहेत. विद्यावेतन चांगले आहे, म्हणून मी गप्प आहे. यात धोका आहे का?

धोका आहे, आणि तो तुम्हाला वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. या प्रश्नावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण विद्यावेतन कमी मिळाल्याने जितकी मुले मागे पडतात त्याहून अधिक मुले नोंद नसल्यामुळे किंवा खोट्या नोंदीमुळे मागे पडतात, असे मला सतत दिसते.

या व्यवसायात ज्याची नोंद नाही ते काम झालेच नाही, असे मानतात. हा नियम विमानासाठी जसा आहे तसाच तुमच्या अनुभवासाठीही आहे. नोंदीत तारीख, विमानाचे व्हीटी-ने सुरू होणारे नोंदणीचिन्ह, एटीए प्रकरणाचा क्रमांक (विमानाचा कोणता भाग ते सांगणारा ठरलेला क्रमांक), नेमके काम, टास्क कार्डाचा (त्या कामाच्या सूचनापत्राचा) क्रमांक, तुम्ही ते पाहिले, मदत केली की देखरेखीखाली स्वतः केले याचा उल्लेख, आणि ज्याच्या देखरेखीखाली केले त्याची सही व परवाना किंवा अधिकृती क्रमांक, एवढे असायला हवे. डिसेंबरमध्ये बसून मार्च महिन्यातला टास्क कार्ड क्रमांक कोणालाही आठवत नाही. मग तो कोणाच्या तरी वहीतून उतरवला जातो, आणि पडताळणीत एकाच रात्री एकाच चाकावर सात जणांनी 'स्वतः' काम केल्याचे निघते.

खोट्या नोंदीने परवाना मिळाला असे क्षणभर धरू. चाक बदलण्याचेच काम घ्या, कारण ते सोपे समजले जाते. अनेक प्रवासी विमानांत ॲक्सलचा नट पहिल्यांदा मोठ्या टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळतात आणि आवळताना चाक हाताने फिरवत राहतात, जेणेकरून बेअरिंग नीट बसावे. मग तो सैल करतात आणि पुन्हा कमी टॉर्कने, पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर, आवळून लॉक करतात. ज्याने जॅकजवळ गुडघ्यावर बसून हे केले आहे, त्याला चाक फिरवण्याचे कारण हातानेच कळलेले असते. ज्याने फक्त लॉगबुकात '३२ – लँडिंग गिअर – चाक बदलले' असे लिहून घेतले आहे, तो पहाटे तीन वाजता, विमान सुटायला चाळीस मिनिटे असताना, ती पायरी गाळेल. आणि विमान सेवेस योग्य असल्याची सही तोच करील.

अनुभवी माणूससुद्धा सवयीवर विसंबला की काय होते, याचे उदाहरण नोंदलेले आहे. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या ५३९० क्रमांकाच्या उड्डाणात सुमारे १७,००० फुटांवर कॉकपिटची एक काच उखडली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. तो वाचला, कारण सहकाऱ्यांनी विमान उतरेपर्यंत त्याला धरून ठेवले. उड्डाणाच्या सुमारे २७ तास आधी, रात्रपाळीत, ती काच बदलताना बोल्टांचा क्रमांक पुस्तिकेत न पाहता जुन्या बोल्टाशी नजरेने जुळवून घेतला होता. ९० पैकी ८४ बोल्ट एक मिलिमीटरहूनही कमी फरकाने बारीक होते आणि उरलेले सहा आखूड होते. काम करणारा नवशिका नव्हता. देखरेखीखालच्या दोन वर्षांत तुम्ही पाना चालवायला शिकता, हा त्याचा लहान भाग आहे. पुस्तिका उघडून भाग क्रमांक पाहिल्याशिवाय हात न चालवण्याची सवय लावणे हा मोठा भाग आहे, आणि ती सवय वर्षअखेरीस भरलेल्या लॉगबुकातून येत नाही.

तेव्हा आजपासून स्वतःची वही ठेवा, पाळी संपताच नोंद करा आणि त्याच आठवड्यात सही मागा. पर्यवेक्षकाशी भांडू नका. 'साहेब, आठवण ताजी आहे तोवर पाहून घ्या' एवढे नम्रपणे म्हणा. न केलेल्या कामाची नोंद कोणी आग्रहाने दिली तरी घेऊ नका, कारण ती पुढे उघड झाली तर सही देणारा आणि घेणारा दोघेही कारवाईस पात्र ठरतात. सही मिळतच नसेल तर संस्थेच्या गुणवत्ता व्यवस्थापकाकडे लेखी जा. त्यानेही दाद दिली नाही तर चांगल्या विद्यावेतनासाठी तेथे थांबू नका. मात्र करार सोडण्यापूर्वी सरकारच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागारांच्या कार्यालयाचा सल्ला घ्या, अन्यथा करारभंगाचा दावा तुमच्यावरच येऊ शकतो.

प्रश्न (बीड, एका आईचे पत्र) : मुलीला हे काम करायचे आहे. रात्रपाळी असते म्हणतात. मुलींना जमते का?

ताई, जमते, परवाना देताना नियम स्त्री-पुरुष असा भेद करीत नाहीत. राहण्याची सोय, रात्रपाळीची ने-आण आणि अंतर्गत तक्रार समिती यांची माहिती संस्थेकडून लेखी घ्या आणि एकदा स्वतः जाऊन पाहून या.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : उमेदवारी करीत असताना आठवड्यातून तीन-चार वेळा पाळी संपल्यावर थांबवून घेतात. जादा पैसे नाहीत, पण 'अनुभव मिळतो' म्हणतात. थांबावे का?

शिकाऊ उमेदवार अधिनियमाच्या कलम १५ नुसार शिकाऊ उमेदवाराला शिकाऊ उमेदवारी सल्लागारांच्या संमतीशिवाय जादा वेळ काम देता येत नाही, आणि ती संमतीही प्रशिक्षणाच्या हितासाठी किंवा सार्वजनिक हितासाठीच असावी लागते. एखादे दुर्मीळ काम, समजा इंजिन बदलणे, चालू असताना तुम्ही स्वेच्छेने पाहायला थांबलात तर ते समजण्यासारखे आहे. रोजची मनुष्यबळाची कमतरता तुमच्याकडून भरून घेतली जात असेल तर तो अनुभव नव्हे. थकलेल्या माणसाच्या हातून होणाऱ्या चुका तुम्ही परवाना परीक्षेच्या मानवी घटकांवरील नवव्या मॉड्यूलमध्ये (विषयात) शिकलाच असाल. थांबल्याच्या तारखा व वेळा लिहून ठेवा आणि आयटीआयमधील साहाय्यक सल्लागारांना भेटा. पदविका किंवा पदवीधर उमेदवार असाल तर मुंबईच्या शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळाकडे विचारणा करा.

प्रश्न (जालना) : अभ्यासक्रम संपून दोन वर्षे झाली. काही मॉड्यूल उत्तीर्ण आहेत. चिकलठाणा विमानतळावर जागा निघेल म्हणून थांबलो आहे. बाहेरगावी कमी विद्यावेतनावर जाणे परवडत नाही. आणखी वर्षभर वाट पाहावी का?

पाहू नये. चिकलठाणा, नांदेड आणि लातूर येथे विमानांच्या मोठ्या तपासण्या करणारे हँगर नाहीत. तसे काम मुंबई, नागपूरचे मिहान, हैदराबाद, होसूर येथे चालते, आणि अनुभव विमाने जेथे उघडली जातात तेथेच मिळतो. उत्तीर्ण मॉड्यूलच्या निकालाला मुदत असते आणि अनुभवाचा काही भाग अर्जाच्या नजीकच्या काळातला असावा लागतो, त्यामुळे घरी बसून गेलेला प्रत्येक महिना तुमच्या नावावर उलटा जमा होतो. वापसा निघून गेल्यावर केलेली पेरणी कशी उगवते, हे जालन्याच्या माणसाला मी सांगायला नको. परवडत नाही ही अडचण खरी आहे, म्हणून खोलीत भागीदार शोधणे आणि समाजकल्याण विभागाच्या किंवा अन्य महामंडळांच्या योजना तपासणे ही कामे या आठवड्यात करा. आपल्या मॉड्यूलच्या निकालांच्या तारखा एका कागदावर लिहून त्यांची मुदत चालू नियमांशी ताडून पाहा, आणि जो निकाल सर्वांत आधी बाद होणार असेल त्याच्या तारखेपासून मागे मोजत अर्ज पाठवायला लागा.